आधी नवं, मग जुनं: टीमक्सच्या एका वाक्याचं रसग्रहण

टीमक्सच्या मॅन्युअलमध्ये, सॉकेटला वेगळं नाव देण्यासाठी जो '-एल' पर्याय आहे, त्याच्या खुलाशाच्या शेवटी एक वाक्य येतं. सॉकेट चुकून पुसलं गेलं तर सर्व्हरच्या प्रोसेसला 'सिगयूएसआर१' हा सिग्नल पाठवावा, म्हणजे ते पुन्हा तयार होईल, एवढाच त्याचा आशय. पाठोपाठ कंसात एक सूचना: वरची डिरेक्टरीच जागेवर नसेल तर हे जमणार नाही. संपलं. ठळक अक्षरं नाहीत, अडचणीच्या वेळी काय करावं असं वेगळं प्रकरण नाही. मॅन्युअल चाळणाऱ्याच्या नजरेतून हे वाक्य सहज निसटतं. तरीही, दूरच्या मशीनवर रात्रभर चालणारं काम सोपवून झोपी जाणाऱ्या माणसासाठी साऱ्या मॅन्युअलमध्ये याहून मोलाचं वाक्य नाही, असं माझं मत आहे. ते वाक्य आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या सात-आठ ओळी नीट वाचाव्यात, म्हणून हे लिखाण.

टीमक्स हा टर्मिनल मल्टिप्लेक्सर. एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या उघडून देणं हे त्याचं दिसणारं काम. खरं काम त्याहून मोठं आहे. पुण्यात किंवा नागपुरात बसून कुणी परदेशातल्या सर्व्हरवर लॉगिन केलेलं असतं, मध्येच वीज जाते, वायफाय बंद पडतं, लॅपटॉप झोपतो. साध्या टर्मिनलमध्ये जोडणी तुटली की त्यात चाललेलं कामही सहसा तिच्याबरोबर जातं. टीमक्समध्ये काम चालू राहतं. वीज आल्यावर पुन्हा लॉगिन करायचं, 'टीमक्स अटॅच' लिहायचं, की कर्सर जिथे होता तिथेच सापडतो. ही कल्पना जुनी आहे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी १९८७ मध्ये 'स्क्रीन' लिहिला, तो पुढे ग्नू प्रकल्पात आला. टीमक्सची सुरुवात निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये केली, आणि २००९ मध्ये ओपनबीएसडीने तो आपल्या मूळ प्रणालीतच सामील करून घेतला. ओपनबीएसडीची माणसं कोडाच्या बाबतीत किती काटेकोर, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या स्वीकाराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

टीमक्स या एकाच नावाखाली दोन कामकरी असतात. सर्व्हर पडद्यामागे राहतो. सगळे शेल, सगळी चालू कामं ही त्याची मुलं. क्लायंट म्हणजे आपल्यासमोरचा पडदा. तो येतो आणि जातो. दोघांची भेट होते ती एका सॉकेटच्या फाइलवर. ही फाइल सहसा 'टीएमपी' डिरेक्टरीत, आपल्या युजर क्रमांकाच्या नावाने केलेल्या 'टीमक्स-१०००' सारख्या उपडिरेक्टरीत, 'डिफॉल्ट' या नावाने बसलेली असते. सेशन हरवतं ते इथे. कुणी जागा मोकळी करण्यासाठी टीएमपी साफ करतो. कुणी फाइलचं वय बघून पुसणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये लावून ठेवलेली असते, आणि आठवड्यांपूर्वी तयार झालेलं आपलं सॉकेट तिच्या तावडीत सापडतं. (सिस्टमडीची साफसफाई इथे समंजस आहे. टीएमपीतल्या फाइलींना ती सहसा दहा दिवसांची मुदत देते, पण जिवंत सॉकेट कोणतं ते कर्नेलला विचारून त्याला हात लावत नाही. घरी लिहिलेल्या स्क्रिप्टी इतका विचार करत नाहीत.)

अशा वेळी 'टीमक्स एलएस' विचारलं तर काय उत्तर येतं, ते लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे. सॉकेटची फाइल आहे पण पलीकडे ऐकणारं कुणी नाही, तर टीमक्स सांगतो की सर्व्हर चालू नाही. फाइलच नसेल तर तो तसं म्हणत नाही. जोडणी होऊ शकली नाही, अशी फाइल नाही, एवढंच सांगतो. घाईत दोन्ही निरोप सारखेच वाटतात आणि दोन्हींनी पोटात गोळा येतो. पण दुसऱ्या निरोपात टीमक्सने सर्व्हर मेला असं म्हटलेलं नाही, कारण ते त्याला ठाऊक नाही. जेवढं कळलं तेवढंच बोलायचं, हा या लेखकाच्या शैलीचा स्वभाव आहे आणि तो पुढेही दिसतो. एक काळजी मात्र घ्यावी: आधी 'एलएस' विचारावं, 'अटॅच' नंतर. सॉकेट सापडलं नाही तर 'अटॅच' स्वतःच नवा सर्व्हर उभा करायला जातो, आणि मग सेशन नाही असा तिसराच निरोप येऊन माणूस भलत्या निष्कर्षाला पोचतो.

फाइल गेली म्हणून सर्व्हर का मरत नाही, याचं उत्तर युनिक्सच्या अगदी मुळाशी आहे. युनिक्समध्ये नाव वेगळं आणि वस्तू वेगळी. डिरेक्टरीत असतं ते नाव. वस्तू असते आयनोडमध्ये. फाइल पुसणं म्हणजे नाव काढून टाकणं. ती वस्तू जोवर कुणीतरी उघडी धरून ठेवली आहे, तोवर कर्नेल तिला हात लावत नाही. वाड्याच्या दारावरची पाटी कुणी काढून नेली तर पोस्टमन गोंधळेल, पण आत राहणारी माणसं आपापली कामं करत असतात. तसं हे आहे. त्यामुळे आधीपासून जोडलेल्या क्लायंटला काहीच फरक पडत नाही. त्याची जोडणी नावावर उभी नसते. खिडक्या बदलतात, प्रीफिक्सची बटणं चालतात. त्याच सेशनमधल्या शेलवर मात्र टीमक्सची एखादी कमांड टंकली तर ती अडते, कारण तिला नव्याने सॉकेट शोधावं लागतं. म्हणजे आत बसलेला माणूस कित्येक दिवस काही न कळता काम करू शकतो. डिटॅच केल्यावरच त्याला कळतं की परत यायला वाट नाही. लिनक्सवर 'प्रॉक' मधली 'नेट/युनिक्स' ही यादी उघडून पाहिली तर त्या पुसलेल्या सॉकेटचा जुना पत्ता तिथे अजून दिसतो. डिस्कवर नसलेलं नाव कर्नेलने जपून ठेवलेलं असतं.

आता खरा पेच. सर्व्हर जिवंत आहे, काम चालू आहे, पण टीमक्सच्या सगळ्या कमांडा सॉकेटमधूनच आत जातात. सॉकेट पुन्हा कर, हे सांगायलाही सॉकेट हवं. मॅरियट यांनी निवडलेला उपाय मला फार देखणा वाटतो. सिग्नलला नाव लागत नाही, फाइल लागत नाही, डिरेक्टरी लागत नाही. प्रोसेसचा क्रमांक पुरतो, आणि तो कर्नेलपाशी असतोच. पोझिक्सने दोन सिग्नल मुद्दाम अर्थाविना सोडलेले आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्यांत हवा तो अर्थ भरावा. टीमक्सने पहिल्यात भरलेला अर्थ असा: 'तुझं सॉकेट पुन्हा मांड.' (दुसऱ्यावर त्याने लॉग लिहिणं चालू-बंद करण्याचं काम सोपवलं आहे. तेही अडचणीतच लागतं.)

या निवडीत एक धारही आहे. ज्या प्रोग्रामने या सिग्नलची काहीच सोय केलेली नाही, तो या सिग्नलने मरतो. युनिक्सचा मूळ नियमच तसा आहे. म्हणजे सर्व्हरला जीव देणारा हाच सिग्नल चुकीच्या प्रोसेसला गेला तर तिचा जीव घेतो. म्हणून क्रमांक आधी 'पीग्रेप' लावून नक्की करावा, मगच 'किल' लिहावं. आणि सिग्नल नावाने पाठवावा, आकड्याने नव्हे. नेहमीच्या लिनक्स मशीनवर त्याचा आकडा १० आहे, तर बीएसडी आणि मॅकवर ३०. मॅकवर १० हा आकडा मेमरीतल्या बिघाडाच्या सिग्नलचा आहे. लिनक्सच्या सवयीने मॅकवर दहा लिहिणारा माणूस सेशन परत मिळवायला जाऊन ते कायमचं घालवून बसेल.

आता कोड. सर्व्हरच्या सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये या सिग्नलचा भाग इतका आखूड आहे की एका श्वासात वाचून होतो. पहिली ओळ: जुन्या सॉकेटवर येणाऱ्यांकडे लक्ष देणं थांबव. दुसरी: नवं सॉकेट तयार कर. मग एक अट: नवं खरोखर तयार झालं असेल, तरच जुनं बंद कर, नव्याला आपलं म्हण, आणि कुणी जोडलेलं आहे की नाही याची खूण सांभाळणाऱ्या फंक्शनला हाक दे. अट इथे संपते. शेवटची ओळ अटीच्या बाहेर आहे: येणाऱ्यांकडे पुन्हा लक्ष देऊ लाग.

सगळा रस या क्रमात आहे. नवं हातात आल्याशिवाय जुनं सोडलेलं नाही. ते जुनं सॉकेट एका अर्थी निरुपयोगी झालेलं असतं, त्याचं नाव पुसलेलं असतं, त्यावर कुणी नवा माणूस येऊ शकत नाही. दुसरा कुणी म्हणाला असता, आधी हे मोडकं बंद करून टाकू. मॅरियट तसं करत नाहीत. आणि शेवटची ओळ अटीबाहेर ठेवण्यात तर सगळं शहाणपण एकवटलेलं आहे. नवं जमलं तर लक्ष नव्यावर. नाही जमलं तर जुन्यावर. दोन्ही वाटांनी सर्व्हर जिवंत राहतो आणि पुढच्या सिग्नलची वाट पाहायला मोकळा असतो. अपयशासाठी वेगळी शाखा लिहिलेली नाही, आरडाओरड नाही, बाहेर पडणं नाही. ओळींची जागा ठरवूनच अपयश सांभाळलं आहे. कोडात मौन कसं वापरावं याचा मला ठाऊक असलेला हा फार उंच नमुना आहे.

त्या खुणेबद्दल थोडं. सॉकेटच्या फाइलला 'एक्झिक्यूट'च्या परवानगीचा काही उपयोग नसतो. सॉकेट हा चालवण्याचा प्रोग्राम नव्हे. टीमक्सने ती रिकामी जागा वापरली. एखाद्या सेशनला कुणी जोडलेलं असेल तर ती परवानगी चढते, कुणी नसेल तर उतरते. त्यामुळे सर्व्हरशी एक अक्षरही न बोलता, नुसती 'एलएस -एल' देऊन फाइलकडे पाहिलं तरी आत कुणी आहे का ते कळतं. ही युक्ती स्क्रीनमध्ये आधीपासून होती, टीमक्सने ती पुढे चालवली. परंपरेतून काय घ्यायचं याची ही चांगली जाण आहे.

स्क्रीनचा उल्लेख आलाच आहे, तर दोघांना शेजारी ठेवून वाचायला हवं. स्क्रीनमध्येही हरवलेलं सॉकेट परत मिळवता येतं, आणि त्याची तऱ्हा एका बाबतीत टीमक्सहून सरस आहे. तिथे यासाठी वेगळा सिग्नल नाही. मूल प्रोसेस संपली की कर्नेल पालकाला 'सिगचाइल्ड' पाठवतो. त्याच्या हाताळणीतच स्क्रीन आपलं सॉकेट जागेवर आहे का ते पाहून घेतो. नसेल तर पुन्हा करतो. म्हणजे एखादी खिडकी बंद झाली तरी त्या निमित्ताने स्क्रीन स्वतःची डागडुजी करतो. कुणी सांगावं लागत नाही. हवं असेल तेव्हा तोच सिग्नल हाताने पाठवता येतो. लाउमान-बोरमान यांच्या वंशातल्या या प्रोग्रामची ही सावधगिरी मला मनापासून आवडते.

पण पुढचा क्रम पाहा. स्क्रीनच्या चौथ्या आवृत्तीच्या कोडात, सॉकेट परत मिळवणारं फंक्शन आधी जुनं सॉकेट बंद करतं, आणि मग नवं करायला जातं. नवं झालं नाही, तर स्क्रीन स्वतःचा गाशा गुंडाळतो. त्याच्यासोबत आतली सगळी कामं जातात. त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे: ज्याच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही असा प्रोग्राम चालू कशाला ठेवायचा? पण आतलं काम कुणाचं आहे? तीन दिवस चाललेला हिशेब अजून चालू असेल, त्याचं उत्तर डिस्कवरच्या एखाद्या फाइलमध्ये लिहिलं जाणार असेल, तर पडदा दिसत नाही म्हणून तो का मरावा? टीमक्स हा निर्णय स्वतःकडे घेत नाही. दोन ओळींची अदलाबदल एवढाच फरक, आणि त्यातून दोन प्रोग्रामांचा धर्म वेगळा होतो. स्क्रीनची दक्षता मोठी खरी, पण माझं मत टीमक्सच्या बाजूने आहे.

आता मॅन्युअलमधला तो कंस. वरची डिरेक्टरी नसेल तर जमणार नाही. वाटतं की हा वकिली थाटाचा बचाव आहे. प्रत्यक्षात अनेक हरवलेल्या सेशनांची किल्ली या कंसात आहे. सफाई करणारा सहसा एकटी सॉकेटची फाइल पुसत नाही, तिची उपडिरेक्टरीही नेतो. आणखी एक प्रसंग आजकाल घडतो. काहीजण टीएमपीची भीती नको म्हणून 'टीमक्स_टीएमपीडीआयआर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून सॉकेट 'रन/युजर' मधल्या आपल्या डिरेक्टरीत ठेवतात. ती जागा खाजगी आणि नीटनेटकी असते. पण सिस्टमडीच्या मशीनवर माणसाचं शेवटचं लॉगिन संपलं की ती डिरेक्टरी काढून टाकली जाते, आणि पुढच्या लॉगिनला नवी, रिकामी मिळते. सर्व्हर मागे जिवंत राहिला असेल तर त्याचं सॉकेट डिरेक्टरीसकट गेलेलं असतं. अशा वेळी सिग्नल कितीही वेळा पाठवा, काही होत नाही. आणि वर पाहिलेल्या क्रमामुळे काही बिघडतही नाही. योग्य जागी 'टीमक्स-१०००' ही उपडिरेक्टरी आपल्या हाताने करायची, परवानगी ७०० ठेवायची, आणि मग सिग्नल द्यायचा. परवानगीत हयगय करू नये: डिरेक्टरी इतरांना खुली असेल तर टीमक्सचा क्लायंट तिच्यावर विश्वास ठेवायला नकार देतो, आणि तो नकार रास्त आहे. 'लॉगिनसीटीएल' ची 'लिंगर' सोय चालू करून ठेवली, तर ती डिरेक्टरी लॉगआउटनंतरही टिकते.

या कोडातली एक जागा तेवढी बोचरी आहे. नवं सॉकेट तयार करताना टीमक्स त्या नावावर आधी जे काही असेल ते पुसतो. नेहमीच्या वेळी हे बरोबरच, कारण मेलेल्या सर्व्हरचं जुनं सॉकेट आड येऊ नये. पण समजा, सेशन सापडलं नाही म्हणून घाबरून कुणी 'टीमक्स न्यू' केलं. आता त्याच नावावर दुसऱ्या, नव्या सर्व्हरचं सॉकेट बसलं. यानंतर जुन्या सर्व्हरला सिग्नल दिला, तर तो नव्याचं नाव पुसून आपलं बसवेल. जुनं सेशन सापडेल आणि नवं हरवेल. उपाय सोपा आहे. सिग्नल देण्याआधी नव्या सॉकेटच्या फाइलचं नाव 'एमव्ही' करून बदलून ठेवावं. नाव बदललं तरी सॉकेट तेच राहतं. '-एस' पर्यायाने नवा पत्ता दिला की त्या सर्व्हरशीही बोलता येतं. दोन्ही घरं शाबूत राहतात.

हरवण्याची एक वेगळी जात आहे, तिच्यात सॉकेट जागेवर असतं पण भाषा जुळत नाही. मशीनवर टीमक्सची नवी आवृत्ती बसवली, सर्व्हर मात्र जुन्याच आवृत्तीचा चालू आहे. दोघांच्या प्रोटोकॉलचा क्रमांक वेगळा असेल तर क्लायंट सरळ सांगतो की जुळत नाही. जुना प्रोग्राम तर डिस्कवरून गेलेला. इथे पुन्हा तोच नियम मदतीला येतो: नाव गेलं, वस्तू आहे, कारण चालू सर्व्हरने ती धरून ठेवली आहे. लिनक्समध्ये 'प्रॉक' खाली त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीत 'एक्झी' नावाचा दुवा असतो. तोच दुवा कमांड म्हणून चालवायचा, पुढे 'अटॅच' लिहायचं. पुसलेला जुना प्रोग्राम पुन्हा उठतो, आपल्या जुन्या सर्व्हरशी त्याच्याच भाषेत बोलतो, आणि सेशन समोर येतं. ही करामत टीमक्सची नाही, कर्नेलची आहे. पण टीमक्सच्या सेशनसाठी ती वापरताना जो आनंद होतो तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जे परत येत नाही तेही सांगायला हवं. मशीन बंद होऊन चालू झालं, तर सर्व्हर गेला. सिग्नल घ्यायला कुणी उरलेलं नाही. २०१६ मध्ये सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीने लॉगआउटनंतर माणसाच्या उरलेल्या सगळ्या प्रोसेस मारण्याचं धोरण मूळ पसंती म्हणून आणलं, तेव्हा टीमक्स आणि स्क्रीन वापरणाऱ्यांमध्ये संताप उसळला, तो याच कारणाने. डेबियनने ते आपल्याकडे बंद ठेवलं. जिथे ते चालू आहे तिथे सेशन हरवत नाही, मरतं. खिडक्यांची मांडणी साठवून पुन्हा उभी करणारी प्लगइनं आहेत, ती उपयोगी आहेत. पण ती मांडणी परत देतात, अर्ध्यावर असलेला हिशेब देत नाहीत.

म्हणून सेशन सापडत नाही असा निरोप आला, तर नवं काही सुरू करू नका. आधी 'पीग्रेप' लावून सर्व्हरची प्रोसेस जिवंत आहे का ते पाहा. क्रमांक मिळाला तर उपडिरेक्टरी जागेवर आहे याची खात्री करून घ्या, आणि त्या क्रमांकाला सिग्नल नावानिशी पाठवा.